सहावी शिंक

“पाहुणे, स्वेटर काढा,” अण्णा म्हणाले.

सकाळचे सहा वाजले होते. जानेवारी महिना, निफाड तालुका, बाहेर मिट्ट काळोख. मी ओट्यावर उभा होतो. अंगात दोन बनियन, शर्ट, त्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि नाक असं चोंदलेलं की श्वास घ्यायला फक्त तोंड उरलं होतं. समोर अण्णा बोरस्ते. वय अठ्ठावन्न. अंगात नुसता बनियन, खाकी अर्धी चड्डी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत नारळ.

“अण्णा, काल रेडिओवर चार डिग्री सांगितलं.”

“म्हणूनच म्हणतोय. लोकर घालून पळणारं मेंढरू असतं. आणि नाव तुमचं हेमंत! हेमंत असून थंडीला भिता?”

नावावरून कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. नाव मी ठेवलेलं नाही, आत्याने ठेवलंय, तिला जाऊन विचारा. पण हे मनातल्या मनात. सासरा व्हायचा बाकी असलेल्या माणसाला उलट बोलायचं नसतं. मी स्वेटर काढला. आतले दोन बनियन मात्र कोणाच्या बापाला दाखवले नाहीत.

खोलीत दत्तामामा दोन गोधड्यांखाली पडला होता. तिथून आवाज आला, “जा भाच्या, यशस्वी हो!” आणि गोधडी परत तोंडावर गेली. हा माझा सख्खा मामा. मला घेऊन आला होता मुलगी बघायला, आणि ऐनवेळी हे असं.

आम्ही मूळचे येवल्याचे आहेर, पण वडिलांची नोकरी पनवेलला, त्यामुळे माझा सगळा जन्म घाम पुसण्यात गेलेला. मी औषध कंपनीत फिरता प्रतिनिधी होतो. डॉक्टरांकडे बॅग घेऊन जायचं, तासभर बाकावर बसायचं आणि आमचं सर्दीचं औषध किती गुणी आहे ते दीड मिनिटात सांगायचं. ते औषध त्या दिवशी माझ्या बॅगेत होतं, सर्दी माझ्या नाकात होती, आणि दोघांची ओळख काही होत नव्हती.

आदल्या संध्याकाळी मुलगी बघून झाली होती. वैजयंती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोह्यांची बशी देताना तिने विचारलं, “सर्दी झालीय का?” मी म्हणालो, “छे, धूळ आहे जराशी.” ती म्हणाली, “आमच्याकडं सगळ्यांना धूळच होते,” आणि हसली. बस्स. मी तिथेच संपलो. त्याआधी सात मुली पाहिल्या होत्या, सगळ्या चांगल्या होत्या, पण असं कधी झालं नव्हतं. मला हीच हवी होती.

अण्णा तेव्हा म्हणाले होते, “तुम्ही पोरगी पाहिली. आता मी पोरगा पाहतो. उद्या सकाळी बंधाऱ्याच्या मारुतीपर्यंत माझ्यासोबत पळायचं. तीन किलोमीटर. तिथं बारा दंड मारायचे आणि मी नारळ फोडणार. नारळ फुटला की माझा होकार. दुपारी सुपारी फोडून टाकू.”

“आणि नाही पोचलो तर?”

“तर नाश्ता करून जा. आम्ही कोणाला उपाशी पाठवत नाही.”

रात्री मामाने सगळी माहिती काढून आणली. माझ्याआधी दोन मुलगे मारुतीपर्यंत पोचले होते. अण्णांनी नारळ फोडला, होकार दिला, आणि वैजयंतीनेच नाही म्हटलं. का म्हटलं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. तो निघाला आणि ओट्यावर त्याचा चुलता शिंकला. सोयरीक जागच्या जागी मोडली.

“शिंकेवरून?” मी विचारलं.

“अण्णांचा नियम आहे,” मामा म्हणाला. “घर ते मारुती, या वाटेवर शिंक आली की थांबायचं. अकरा वेळा मारुतीचं नाव घ्यायचं. तेवढ्यात दुसरी आली, जोड झाली, तर दोष गेला, पुढं जायचं. नाही आली तर परत फिरायचं आणि ते काम कायमचं सोडायचं. अण्णांनी असं एकदा विहिरीचं काम सोडलंय, पाणी लागायला दोन फूट राहिले होते म्हणे. भाच्या, उद्या तू शिंकायचं नाहीस.”

मी हे मामाला सांगितलं नाही, पण त्या क्षणी माझ्या नाकात तीन शिंका रांग लावून उभ्या होत्या.

तर असे आम्ही निघालो.

आता एक सांगतो. सर्दीत पळावं की नाही, याबद्दल माझा अभ्यास होता. पनवेलला एक म्हातारे डॉक्टर होते, माझ्याकडून एक बाटली घेत नसत, पण बसवून चहा पाजायचे. ते सांगायचे, “हे बघ, मानेवर हात ठेवायचा. दुखणं मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळतंय, शिंका येतायत, तर चाला, हळू पळा, मरत नाही तुम्ही. पण दुखणं मानेच्या खाली उतरलं, छाती भरली, ताप आला, अंग मोडून आलं, तर गुपचूप अंथरुणात पडायचं. तिथे मर्दुमकी दाखवायची नाही. तापात पळणाऱ्याचं हृदय त्याचा सूड घेतं.” माझं सगळं मानेच्या वर होतं. म्हणून मी पळायला तयार झालो. नाहीतर मी काही इतका प्रेमवेडा नव्हतो. बरं, होतो.

गल्ली संपली आणि द्राक्षाचे मळे सुरू झाले. थंडीने घड तडकू नयेत म्हणून लोकांनी बागांमधून शेकोट्या पेटवल्या होत्या, त्यांचा धूर वाटेवर साचला होता. मी रुमाल तोंडावर बांधला.

“हे काय? दरोडा टाकायचाय?” अण्णा.

“थंड हवा थेट छातीत जायला नको, म्हणून. आणि अण्णा, सुरुवातीला थोडं चालू या. अंग गरम झालं की मग पळू.”

“अंग गरमच आहे माझं!”

हे ते खरं बोलले होते, पण मला कळायला दोन किलोमीटर लागले.

ते पुढे, मी मागे. पहिली शिंक शाळेच्या वळणावर आली. मी जीभ टाळूला लावून ती दाबली. दुसरी पाण्याच्या टाकीपाशी आली, ती नाकाखाली बोट दाबून परत पाठवली. तिसरीला मी भुवया, डोळे, कान सगळं एकत्र ओढलं. अण्णांनी नेमकं तेव्हाच मागे पाहिलं.

“तोंड का असं करताय?”

“देवाचं नाव घेतोय.”

“बरं बरं.” ते खूश झाले. आणि मग त्यांनीही तसंच तोंड केलं. मिशा वर गेल्या, नाकपुड्या फुगल्या, डोळे मिटले, आणि मग सगळं पुन्हा जागेवर आलं. मला वाटलं, हेही देवाचं नाव घेतायत.

पुढे पाटाची चारी आडवी आली, दीड हात रुंद. अण्णांनी उडी मारली आणि पलीकडे उतरताना झोकांडी खाल्ली. मी पटकन उडी मारून त्यांचा हात धरला. अरे देवा! हात कसला, तापलेला तवा. चार डिग्रीत माणसाचा हात एवढा गरम नसतो. आणि जवळ गेल्यावर ऐकू आलं, त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

“अण्णा, तुम्हाला ताप आहे.”

“ताप माझ्या दुश्मनाला.”

“छाती वाजतेय तुमची.”

“शेकोटीचा धूर आहे तो. चला!”

“अण्णा, हे मानेच्या खाली उतरलंय. पळायचं नाही आता. परत जाऊ.”

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. उभं राहायला त्यांना ते हात लागत होते, हे मला दिसत होतं. “पाहुणे, तुम्हाला दम लागला असेल तर सरळ सांगा. माझं निमित्त करू नका. मी पंचवीस वर्षं या वाटेवर पळतोय. ताप असो, पाऊस असो, माझ्या बापाचा दहावा असो, मारुती चुकवला नाही.”

“मला दम लागलाय,” मी म्हणालो. “चला परत.”

“तुम्ही जा. मी जाऊन येतो.”

आता काय करणार? उचलून नेऊ? पंच्याऐंशी किलोचा माणूस, जुना कबड्डीपटू. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, हृदयाचा सूडसुद्धा सांगितला. ते ऐकत होते आणि जागच्या जागी पाय उचलत होते. अंधार फिकट झाला होता. पुढे बाभळींच्या पलीकडे बंधाऱ्याचं टोक दिसायला लागलं होतं. फार तर एक किलोमीटर. पोचलो असतो तर वैजयंती मिळत होती. अण्णांनी तापात आणखी एक तास काढला असता, मी तोंड मिटून मागे पळालो असतो, आणि दुपारी सुपारी फुटली असती.

मग त्यांना खोकला आला. साधा खोकला नव्हता तो. खोल विहिरीत दगड पडावा तसा आतून आला, आणि त्यांनी माझ्यापासून लपवायला तोंड फिरवलं. मला माझे वडील आठवले. तेही दुखणं असंच तोंड फिरवून लपवायचे.

या माणसाला डॉक्टर थांबवू शकत नाही, हे मला कळलं. याला एकच गोष्ट थांबवू शकते.

मी ठरवलं, शिंकायचं.

आणि शिंक येईना!

सकाळपासून ज्या कार्ट्या दारात धरणं देऊन बसल्या होत्या, त्या सगळ्या पळाल्या. मी नाक वर केलं, खाली केलं, धुराकडे तोंड केलं. सूर्याकडे पाहिलं की मला हमखास शिंक येते, पण सूर्य अजून उगवायचा होता. अण्णा पळायला लागले. मी मागे पळता पळता बांधावरची गवताची काडी उपटली आणि सरळ नाकपुडीत घातली.

“आँ... आँक्छी!”

अण्णा जागच्या जागी थांबले. हळूच मागे वळले. चेहरा पडला होता त्यांचा.

“पाहुणे... काय केलंत हे?”

“आली.”

“थांबा. जोड येते का बघू.” त्यांनी डोळे मिटले. “जय हनुमान... एक. जय हनुमान... दोन.”

ते मुद्दाम सावकाश म्हणत होते! मला तेव्हा समजलं, या माणसाला मी आवडलो होतो. त्यांना जोड हवी होती. मला नको होती. मी श्वास कोंडला. सातपर्यंत ठीक होतं. नऊला ती न बोलावता आली.

“आँक्छी!”

“झाली जोड!” अण्णांनी टाळी वाजवली. “दोष गेला. चला, पळा!”

मी मनातल्या मनात त्या दुसऱ्या शिंकेला चार शिव्या दिल्या आणि काडी परत नाकात घातली. तिसरी आली. अण्णा थांबले. जय हनुमान एक, जय हनुमान दोन. पाचला माझं नाक परत फितूर झालं. चौथी.

“पुन्हा जोड!” अण्णांना आता हसू आवरत नव्हतं. “पोरा, मारुतीची तुझ्यावर मर्जी आहे रे!”

पाहुण्याचा पोरा झाला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी नाचलो असतो.

ते पुढे निघाले. दहा पावलं पळाले असतील. आणि मग त्यांच्या मिशा वर गेल्या, नाकपुड्या फुगल्या, डोळे मिटले. या खेपेला काही जागेवर परत आलं नाही. अण्णा बोरस्त्यांनी सकाळपासून दाबलेली शिंक अशी काही सुटली की बांधावरची टिटवी ओरडत उडाली, शेजारच्या बागेतला कुत्रा भुंकायला लागला, आणि अण्णा स्वतः दोन पावलं मागे येऊन बाभळीखाली बसले. पिशवीतला नारळ गडगडत माझ्या पायाशी आला.

पाचवी.

“जय हनुमान,” अण्णा म्हणाले. आवाज बसला होता. “एक.”

ते माझ्याकडे बघत होते. डोळे मिटलेच नाहीत त्यांनी. जोड कोणाचीही चालायची. “दोन... तीन...” आणि माझ्या नाकात सहावी आली. काडी नाही, धूर नाही, आपली आपण आली. खरी, सणसणीत शिंक. ती बाहेर पडली असती तर दोष गेला असता, अण्णा उठले असते आणि पळाले असते.

मी दोन्ही हातांनी नाक धरलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कानात घंटा वाजायला लागल्या. डॉक्टर लोक सांगतात शिंक अशी दाबू नये, कानाला धोका असतो. मला ठाऊक होतं. दाबली.

“नऊ,” अण्णा म्हणाले. बराच वेळ गेला. “दहा.”

मी मान हलवली.

“अकरा.”

सहावी परत गेली. मी हात काढले. नाक सुजून भजं झालं होतं.

“मोडलं,” अण्णा म्हणाले.

“मोडलं,” मी म्हणालो. “आता घरी चला.”

मी त्यांना उठवलं. शर्ट काढून त्यांच्या अंगात घातला, माकडटोपी त्यांच्या डोक्यावर ओढली. तेव्हा त्यांना माझे दोन बनियन दिसले. मग एका हातात नारळ, दुसऱ्या हातात अण्णा, असे आम्ही चारी चुकवून लांबच्या पुलावरून हळूहळू परत निघालो. शेकोटीजवळच्या बाया बघत राहिल्या. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू. आठवी मुलगी, आणि मी ती स्वतःच्या नाकाने घालवली.

शाळेच्या वळणावर अण्णा म्हणाले, “घरी काय सांगणार?”

“मला दम लागला. मीच थांबलो.”

“हं,” ते म्हणाले. आणि माझ्या खांद्यावर जरा जास्त भार टाकला.

ओट्यावर वैजयंती आणि तिची आई, म्हणजे काकू, उभ्या होत्या. वैजयंतीच्या हातात घोंगडी होती. आम्ही गेल्यापासून ती तशीच उभी असावी, कारण नाक लाल झालं होतं तिचं.

“कोण थांबलं?” तिने विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “मला झेपलं नाही.”

“पोरगा कच्चा आहे,” अण्णा म्हणाले, आणि घोंगडीत शिरून सरळ आत जाऊन पडले. थर्मामीटर लावला. एकशे दोन! काकूंनी डॉक्टरांना बोलवायला माणूस पाठवला. दत्तामामा गोधडीतून उठून बसला आणि माझ्या तोंडाकडे बघून परत आडवा झाला. त्याला सगळं कळलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात नारळ ठेवायला गेलो. वैजयंती चुलीवर काढा ढवळत होती. दोन पेले आधीच मांडून ठेवले होते.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “कोणाला झेपलं नाही?”

“सांगितलं ना, मला.”

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. “दोन वर्षांपूर्वी असाच ताप असताना पळून आले. बंधाऱ्यावर कोसळले. सतरा दिवस नाशिकला दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाला सूज आहे, पुन्हा असं केलं तर माझ्याकडे आणू नका. ऐकतात का? आई सांगून थकली, मी सांगून थकले. काल रात्री कपाळाला हात लावला तर माझ्यावरच ओरडले. आधीचे दोघे आले ना, दोघांनी बघितलं अण्णा खोकतायत, आणि दोघे त्यांच्यामागे मारुतीपर्यंत पळत गेले. मुलगी मिळणार ना! मी आईला सांगून ठेवलं होतं, जो मारुतीला पोचेल त्याच्याशी मी लग्न करणार नाही. जो अण्णांना अर्ध्या वाटेतून परत आणेल, त्याच्याशी करीन.”

मी नारळ हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग तोंडातून निघालं ते भलतंच. “पण मोडलंय ते. अण्णांच्या नियमात मोडलंय. शिंका पाच झाल्या.”

“पाच?”

“चार माझ्या. पाचवी...” मी अडलो. अण्णांना शिंक आली हे सांगायचं की नाही?

“वैजे!” आतून अण्णांचा आवाज आला. घोगरा, पण ठणठणीत. “भिंती मातीच्या आहेत, मला सगळं ऐकू येतंय. पाचवी धुराची होती.”

“हो अण्णा,” ती म्हणाली.

“आणि शिंका पाच नाहीत. सहा आहेत.”

“अण्णा,” मी दारातूनच म्हणालो, “सहावी आली नाही. तुम्ही अकरापर्यंत मोजलंत.”

“आली होती! माझ्या डोळ्यांसमोर आली. लेकानं दोन्ही हातांनी नाक धरलं, तोंड जांभळं झालं, डोळे बाहेर यायला लागले, पण सोडली नाही. सोडली असती तर नारळ फुटला असता, पोरगी मिळाली असती आणि मी तिथंच आडवा झालो असतो. मला काय कळत नाही होय? ती सहावी धरायची. जोड झाली. दोष गेला.” मग खोकला आला, मोठा आला, आणि तो संपल्यावर ते म्हणाले, “आणि तो नारळ काय हातात घेऊन उभा आहे खुळ्यासारखा? फोडा म्हणावं.”

काकूंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर एका घावात फोडला. मामा गोधडीसकट बाहेर आला. वैजयंतीने काढ्याचा पेला माझ्यापुढे धरला. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी पेला तोंडाला लावला, वाफ नाकात गेली, आणि मी शिंकलो. एकदाच. या खेपेला कुणीच मोजली नाही.